बस्त्यावरून उठलेली बाई

लातुरात लग्नाचा बस्ता बांधायचा तो शिवलिंगअप्पांच्या दुकानात, आणि अप्पांच्या दुकानात बस्ता म्हणजे राजकन्याबाई. चाकूरपासून धर्माबादपर्यंतच्या सोयऱ्याधायऱ्यांत हे ठरूनच गेलेलं. बाई मूळची चाकूरकडची. नवऱ्याचं शिलाईचं दुकान रेडिमेड कपड्यांनी बसवलं तेव्हा ती साड्या दाखवायला म्हणून अप्पांकडं लागली, ती आजपर्यंत दाखवतेच आहे. मधल्या काळात पोरगी शिवांगी कॉलेजात गेली, अप्पांचं दुकान एका मजल्याचं तीन मजल्यांचं झालं, काचा आल्या, लिफ्ट आली, थंडगार हवा आली. बाईच्या वाट्याला तीच गादी आणि तोच शालू.

बस्ता म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्यानं एकदा मार्च-एप्रिलात मराठवाड्यात यावं. दोन्हीकडचे पाहुणे जीपगाड्या भरून दुकानात उतरतात. नवरीच्या शालूपासून ते जिच्याशी बोलणं बंद आहे त्या मावसजावेच्या साडीपर्यंत सगळं एकाच बैठकीत घेतात. त्यात चहा होतो, जेवण होतं, दोन-तीनदा रुसवेफुगवे होतात आणि शेवटी सगळ्या कापडाचा मोठा गठ्ठा बांधून, गाठीला हळदीकुंकू लावून मंडळी उठतात. सकाळी बसलेली माणसं दिवेलागणीला उठली तर बस्ता लवकर उरकला म्हणायचं.

अप्पांच्या दुकानाची यात आणखी एक रीत. जिनं पहिला शालू नवरीच्या मांडीवर ठेवला, तिनं गाठ बसेपर्यंत गादीवरून उठायचं नाही. गादी रिकामी पडली की बस्ता मोडतो आणि बस्ता मोडला की सोयरीक. अप्पांच्या वडिलांच्या वेळी म्हणे एक गडी बिडी ओढायला उठला आणि निलंग्याचं एक लग्न मोडलं. त्या लग्नातला नवरदेव आठवडाभर आधीच दुसरीला घेऊन हैदराबादला पसार झाला होता, हा तपशील अप्पा सांगत नाहीत. बिडीवाल्याचं नाव मात्र त्यांना अजून पाठ आहे.

तर अशी ती गादी. बसायला मऊ, पांढरीशुभ्र. आणि त्या तीन मजली, काचेच्या, थंडगार दुकानात काम करणाऱ्या बायांना लघवीला जायला जागा नाही.

खोटं वाटतंय ना? गिऱ्हाइकांसाठी होतं की! पहिल्या मजल्यावर, आरसा लावलेलं, सुवास मारलेलं. त्याची चावी काउंटरवर आणि दारावर पाटी, ‘फक्त ग्राहकांसाठी’. गडीमाणसांना काय, त्यांना सगळं लातूर मोकळं. बायांनी दोन गल्ल्या पलीकडं एका हॉटेलात ओळखीनं जायचं, तेही हॉटेलवाल्याची बायको गल्ल्यावर असली तर. तिसऱ्या मजल्यावर बायांसाठी एक संडास कधीकाळी बांधलेलं होतं. त्याचा पाइप गळला, खालच्या शालूंवर डाग पडले, आणि त्या दिवसापासून त्यात रिकामी खोकी रचून ठेवली. दर दिवाळीला बाया विचारायच्या आणि अप्पा म्हणायचे, “बांधू की.” अप्पा माणूस वाईट नव्हते. दिवाळीला प्रत्येकीला साडी द्यायचे, कुणाच्या घरी मयत झाली तर स्वतः जायचे. त्यांचं घर दुकानाच्या मागच्या दाराशीच होतं, त्यामुळं ही एक गरज तेवढी त्यांच्या ध्यानात यायची नाही.

मग बायांनी त्यांचा उपाय शोधला होता. पाणीच प्यायचं नाही. सकाळी घरून निघताना घोटभर, भाकरीसोबत घोटभर, बस. तोंडाला कोरड पडली तर चुटकीभर बडीशेप. राजकन्या तर बस्त्याच्या दिवशी चहासुद्धा नुसता ओठाला लावून खाली ठेवायची. पाहुण्यांना वाटायचं, बाई किती अदबीची.

व्हायचं तेच झालं. आधी जळजळ, मग थंडी वाजून ताप. तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा डॉक्टरीणबाई चिडल्याच. “बाई, पाणी पीत जा आणि धरून ठेवू नका. ह्या खेपेला गोळ्यांवर भागलं. पुढच्या खेपेला किडनीवर गेलं तर माझ्याकडं येऊ नका, मोठ्या दवाखान्यात जा.” राजकन्या मान डोलावून घरी आली. वाटेत तिनं विचार केला, की पाणी पिणं आपल्या हातात आहे, धरून न ठेवणं कुणाच्या हातात आहे? गादी सोडली तर काम जातं, न सोडली तर किडनी. गरिबाला निवड करायची संधी मिळत नाही असं कोण म्हणतं.

याच सुमारास अप्पांचे चिरंजीव शिवम पुण्याहून डिग्री घेऊन परतले आणि दुकानात आरोग्य आलं.

शिवमशेठनी पहिल्याच आठवड्यात सगळ्या स्टाफला जमवून सांगितलं, की कर्मचारी हीच आपली खरी संपत्ती आहे. संपत्ती उभ्यानंच ऐकत होती, खुर्च्या नव्हत्या. आता आपण ‘निरोगी आपण’ नावाचा वेलनेस कार्यक्रम सुरू करतोय, ताण जाईल, उत्साह येईल, आणि उत्साह आला की विक्री वाढेल, हे त्यांनी एका दमात सांगितलं. शेवटचं वाक्य अप्पांना कळलं, म्हणून त्यांनी परवानगी दिली.

कार्यक्रम चालवायला वर्षाराणी म्याडम आल्या. वेलनेस कोच. पोरगी गोड होती, वाईट बोलायला जीव होत नाही. सकाळी शटर उघडायच्या आधी ती सगळ्यांना गोल उभं करून हसायला लावायची. आधी हा-हा, मग हो-हो, मग दोन्ही हात वर करून. उदगीरची गंगम्मा, जिचे गुडघे दिवसभर उभं राहून डब्यासारखे सुजलेले असायचे, ती राजकन्येच्या कानात म्हणाली, “अक्का, हसू येत न्हाई तरी हसायचं का?” राजकन्या म्हणाली, “हस बाई. पगारात धरलेलं हाय.”

आणि एक दिवस तिसऱ्या मजल्यावरची खोकी हलली.

बायांनी डोळ्यांनी पाहिलं. गवंडी आला, सिमेंट आलं, पांढऱ्या फरशा आल्या. राजकन्येनं त्या दिवशी घरी जाताना शिवांगीसाठी जिलेबी घेतली. “अप्पा बोलले तसं वागले,” असं तिनं नवऱ्याला सांगितलंसुद्धा. गंगम्मानं तर परळीच्या वैजनाथाला नारळ बोलला. आठ दिवसांनी दार उघडलं. भांडं काढून टाकलेलं, पाइप बुजवलेला, खाली हिरवी चटई, भिंतीवर कमळ, कोपऱ्यात उदबत्ती. दारावर पाटी, ‘विसावा: ध्यानकक्ष’.

वर्षाराणी म्याडम म्हणाल्या, “इथं येऊन डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं. मनात साठलेलं सगळं सोडून द्यायचं.” गंगम्मानं राजकन्येकडं पाहिलं. काय काय साठलंय ते दोघींनाच माहीत. गंगम्माचा नारळ मात्र बोललेला राहून गेला.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण पुढचा टप्पा पाण्याचा निघाला. प्रत्येकीला एक बाटली मिळाली, जांभळी, अंगावर रेघा मारलेली. दुपारपर्यंत ह्या रेघेला यायचं, संध्याकाळी तळ दिसला पाहिजे. बाटली रिकामी झाली की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. जी सगळ्यांत जास्त पिईल ती त्या आठवड्याची ‘स्वास्थ्य सितारा’. ज्या लातुरानं रेल्वेनं आलेलं पाणी रांगेत उभं राहून हंड्याहंड्यानं घेतलं, त्या लातुराला पाणी कसं प्यावं हे शिकवायला पुण्याहून माणूस यावा लागला. घ्या.

राजकन्येला मात्र ही गोष्ट देवानं धाडल्यासारखी वाटली. डॉक्टरीण तेच सांगते, म्याडम तेच सांगते. ती प्यायली. आणि दुपारी म्याडमना बाजूला घेऊन हळूच विचारलं, “म्याडम, पाणी तर पितोय आमी. जायचं कुठं?”

म्याडमना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या जरा लाजल्या, मग हसल्या. “राजकन्याताई, अडचणीकडं नाही, उपायाकडं बघायचं. शरीर आपल्याशी बोलत असतं. त्याचं ऐकायला शिका.” राजकन्येचं शरीर तेव्हा चांगलं ओरडून बोलत होतं. ती हॉटेलाच्या दिशेनं निघाली. हॉटेलवाल्याची बायको माहेरी गेलेली होती.

मग आला तो बस्ता. नवरी धर्माबादची, नवरदेव औशाचा. नवरीकडच्यांनी पहाट व्हायच्या आत घर सोडलेलं. सगळ्यांत पुढं नवरीची आजी, नागाबाई. नऊवारी नेसलेली, कपाळावर ठसठशीत गोंदण, अंगात साखर. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या तिनं बाथरूमची चावी मागून घेतली, जाऊन आली, आणि “परत परत कोण मागत बसंल” म्हणून चावी सरळ कमरेला खोचली. गिऱ्हाईक मोठं. काउंटरवर कुणी ब्र काढला नाही.

राजकन्येनं शालू नवरीच्या मांडीवर ठेवला आणि बस्ता सुरू झाला. तेवढ्यात शिवमशेठ आणि वर्षाराणी म्याडम मोबाइल घेऊन हजर. त्यांना रील काढायचं होतं. एका हातानं साडी उलगडणारी, दुसऱ्या हातानं बाटलीतून पाणी पिणारी आनंदी कर्मचारी. राजकन्या प्यायली. “ताई, जरा हसून.” हसून प्यायली. “आता काठ दिसला नाही, परत.” परत प्यायली. “बाटली अर्धी दिसतेय, भरून आणा रे कुणी.” भरून आणली, ती प्यायली. नवरीकडच्या बाया कौतुकानं बघत होत्या, बाईला काय तहान आहे म्हणून.

जेवणाआधीच तिला कळलं, की आज काही खरं नाही. जेवणानंतर विहिणींची इरकलीवरून जुंपली. ह्या म्हणाल्या हिरवी, त्या म्हणाल्या हिरवी आमच्याकडं चालत नाही. राजकन्या साड्या उलगडत होती, घड्या घालत होती, आणि अंगाला दरदरून घाम. थंड हवेत. ओटीपोटात कळ यायला लागली तशी तिला डॉक्टरीण आठवली, मोठा दवाखाना आठवला, आणि समोर अप्पा गल्ल्यावर बसलेले दिसत होते. तिला खरंच भीती वाटली. कामाची वाटली, जिवाची वाटली, आणि ह्या पांढऱ्याशुभ्र गादीवर, एवढ्या पाहुण्यांसमोर होऊ नये ते होईल याची तर सगळ्यांत जास्त वाटली.

“अप्पा,” ती म्हणाली, “मला जायचंय.”

“कुठं?”

आता ‘कुठं’ म्हणून काय सांगायचं? “लघवीला.”

तीन मजली दुकानात हा शब्द आजवर कुणी उच्चारलेला नव्हता. विहिणी भांडायच्या थांबल्या. म्याडमनी मोबाइल खाली केला. अप्पा गल्ल्यावरून अर्धे उठले. “अवं, बस्ता चालू हाय राजकन्याबाई. गाठ बसू द्या, मग खुशाल जावा.”

“गाठ बसंपर्यंत माझं काय व्हायचं ते होऊन जाईल, अप्पा. सकाळधरनं तुमच्या लेकानं पाजून ठेवलंय मला.”

पाहुण्यांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, मधनंच उठणं बरं न्हाई, शकुनाचं काम हाय. तशी नागाबाई पुढं सरकली. “गादी मोकळी पडू न्हाई, एवढंच ना? सरक गं माय.” आणि ती म्हातारी साड्यांचा ढीग बाजूला सारून गादीवर ऐसपैस बसली. कमरेची चावी काढून राजकन्येच्या हातात दिली. “जा तू. साखर झाल्यापासून मला समदं कळतं. धरून बसण्यावानी वैरी न्हाई.”

“ते बाथरूम गिऱ्हाइकांचं हाय, आजी,” अप्पा पुटपुटले.

“मग मी कोण हाय? माझ्या वाटचं ती जाऊन येती.”

राजकन्या गेली. आरसा, सुवास, प्लास्टिकची फुलं, सगळं होतं तिथं. इतकी वर्षं त्या दारावरून ये-जा केली, आत पहिल्यांदा. तिला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही.

परत आली तोवर नागाबाईनं निम्म्या साड्या “हे काय कापड हाय का मच्छरदाणी” म्हणून माघारी धाडल्या होत्या आणि विहिणीच्या गळ्यात हिरवी इरकल मारली होती. दिवेलागणीला गाठ बसली. ते लग्न पुढं थाटात झालं, पत्रिका दुकानात आली होती.

पण अप्पांचं मन खट्टू झालं. दुसऱ्या दिवशी राजकन्येला सांगण्यात आलं, की बस्ता आता तिच्याकडं नाही. खाली टॉवेल-टोपीच्या काउंटरला उभं राहायचं. शिवमशेठनीही घडल्या प्रकाराचा गंभीर विचार केला आणि ग्रुपवर सूचना टाकली: बस्त्याच्या दिवशी बस्त्यावरच्या ताईंना पाणी चॅलेंजमधून सूट देण्यात येत आहे. म्हणजे त्या दिवशी तहान बंद. त्याखाली म्याडमचा हात जोडलेला इमोजी आणि एक फुलाचा. राजकन्या टॉवेलांच्या घड्या घालत उभी राहिली आणि तिला मनातून फार वाईट वाटलं. साड्या दाखवणं तिला आवडायचं. नवरीचा चेहरा खुलला की तिला आपणच काही दिल्यासारखं वाटायचं. ते गेलं.

पुढचा बस्ता आला, चांगला तालेवार. अप्पा गंगम्माला म्हणाले, “तू बस.” गंगम्मा म्हणाली, “बसते की अप्पा. लागलं तर उठंन.” दुसरीला विचारलं, तीही तेच म्हणाली. तिसरीही. कुणी आवाज चढवला नाही, कुणी युनियन काढली नाही. “बसते की, लागलं तर उठंन,” बस. पाहुणे ताटकळले. घाम पुसत अप्पा म्हणाले, “मीच बसतो. आमच्या वडलांपासूनचा धंदा हाय.” आणि त्यांनी स्वतःच्या हातानं शालू नवरीच्या मांडीवर ठेवला.

आता अप्पांचं वय साठीच्या पुढं. ह्या वयात गडीमाणसाच्या पोटाखाली काय काय कटकटी सुरू होतात ते घरोघरी माहीत आहे. त्यात मालक स्वतः बसले म्हणून पाहुण्यांनी मान दिला, दर चहाला पहिला कप त्यांना. अप्पांना नाही म्हणता येईना. दुपार उलटली तसे ते एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होऊ लागले. मग बोलेनासे झाले. मग पाहुणे म्हणतील त्या भावाला नुसती मान हलवू लागले, आणि त्या भावात पाहुण्यांनी बऱ्याच साड्या घेतल्या. बाया बघत होत्या. एकही हसली नाही, हसायचा सराव रोज सकाळी होऊनसुद्धा.

शेवटी खालून राजकन्या आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गादीपाशी येऊन ती हळू आवाजात म्हणाली, “अप्पा, जावा तुमी. मी बसते. गादी मोकळी पडत न्हाई.”

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. धोतराचा सोगा धरून मागच्या दारानं घराकडं गेले. जाताना चप्पल घालायचंही राहिलं. बऱ्याच वेळानं आले, पण गादीकडं फिरकले नाहीत. गल्ल्यावर बसून राहिले, आणि संध्याकाळी गाठीला हळदीकुंकू राजकन्येनंच लावलं.

पुढच्या रविवारी दुकान बंद असताना गवंडी आला. चटई गुंडाळली, बुजवलेला पाइप उकरला, नवा जोडला, भांडं बसवलं. सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर लाल फीत बांधलेली. शिवमशेठनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं: ‘निरोगी आपण, टप्पा तीन. कर्मचाऱ्यांचा आवाज ऐकणारं लातुरातलं पहिलं दालन.’ फोटोवाला बोलावलेला, पेढे आलेले. फीत कापायचा मान राजकन्येला.

वर्षाराणी म्याडम बोलायला उभ्या राहिल्या. शरीराचं ऐकणं किती महत्त्वाचं, सकारात्मक विचारांची ताकद काय असते, टीम म्हणून आपण काय करू शकतो. मग शिवमशेठ बोलले. मग म्याडम शिवमशेठचे आभार मानायला परत उभ्या राहिल्या. राजकन्या कात्री धरून उभी होती. सकाळपासून तिनं पोटभर पाणी प्यायलेलं होतं, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच बिनधास्त. आभार संपेनात, तसं तिनं फीत कापली, आत गेली आणि कडी लावली.

बाहेर दोन-चार टाळ्या वाजून थांबल्या.

आत काही नव्हतं. पांढऱ्या फरशा, नळ, एक बादली, एक मग, एक दिवा. तिनं सगळं नीट बघितलं. एवढंच तर होतं. एका रविवारचं काम. आणि एवढ्यासाठी तिनं किती ताप अंगावर काढले, किती रात्री जळजळीनं तळमळली, घरच्यांना काय झालंय ते सांगायचीही लाज बाळगली, आपलंच शरीर वाईट म्हणून स्वतःलाच बोल लावत राहिली. तिला वाटलं होतं आनंद होईल. आनंद नाही झाला, राग आला. इतका राग की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. तिनं नळ मोठा सोडला.

दारावर टकटक झाली. “राजकन्याबाई,” शिवमशेठचा आवाज, “लवकर या ना. ग्रुप फोटो राहिलाय. सगळे थांबलेत.”

“थांबू द्या,” ती आतून म्हणाली. “आमी लई वर्षं थांबलोत.”